पाऊण डॉलरचा हिशेब

दरवर्षी ऑफिसात सिक्युरिटी ट्रेनिंग होतं. तुमच्याकडेही होत असणारच. स्लाइडवर काळ्या हुडीतला एक माणूस, चेहऱ्याच्या जागी अंधार, मागे हिरव्या अंकांचा पाऊस. हा म्हणे हॅकर! पुढची स्लाइड लगेच पासवर्ड किती अक्षरी असावा याची. त्या हुडीवाल्याबद्दल कोणी काहीच सांगत नाही. तो कामाला कधी बसतो, कंटाळतो का, त्याला नक्की काय पाहिजे, आणि ते मिळालं की तो कोणाला नेऊन देतो? आपण कुलूप घेतो, चोराची चौकशी करत नाही.

या प्रश्नांच्या मागे जवळजवळ वर्षभर हात धुऊन लागलेल्या एका माणसाची ही गोष्ट. जुनी आहे, शीतयुद्धाच्या शेवटच्या वर्षांतली. सिक्युरिटीवाल्यांना पाठ असेल, बाकीच्यांसाठी सांगतो.

क्लिफर्ड स्टोल हा मुळात खगोलशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियात बर्कलेच्या टेकडीवर लॉरेन्स बर्कले लॅब आहे, तिथे तो हवाईतल्या केक दुर्बिणीच्या डिझाइनवर काम करायचा. ग्रँट संपली. आपल्याकडे प्रोजेक्ट संपला की माणूस बेंचवर जातो, याला तळघरातल्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये पाठवलं. साल १९८६, महिना ऑगस्ट. नव्या माणसाला काहीतरी किरकोळ काम द्यायचं म्हणून त्याच्या हाती एक हिशेब दिला. लॅबमध्ये कॉम्प्युटर वापरण्याचं बिल लागायचं, आणि ते मोजणारे दोन वेगवेगळे प्रोग्रॅम होते. दोघांच्या बेरजेत ७५ सेंटचा फरक येत होता. पाऊण डॉलर!

दोन हजारांहून जास्त डॉलरच्या महिन्याच्या बिलात पाऊण डॉलर म्हणजे कोणीही 'राउंडिंग एरर' म्हणून सोडून दिला असता. पण आपल्याकडचे जुने बँक कारकून दहा पैशांचा फरक लागला तरी रात्री घरी जायचे नाहीत, त्या जातीचा हा माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं. मोठी चूक सगळ्यांना दिसते, म्हणून ती लगेच सापडते. बारीक चूक जिथे असते तिथे काहीतरी न समजलेलं असतं. शोधता शोधता 'हंटर' नावाचा एक युजर सापडला. त्याने कॉम्प्युटर वापरला होता, पण बिल पाठवायला त्याचा पत्ताच नव्हता. पाऊण डॉलर त्याचा. स्टोलने ते खातं उडवून टाकलं. प्रकरण मिटलं?

नाही मिटलं. थोड्याच दिवसांत बाहेरून तक्रार आली, की तुमच्या लॅबमधून कोणीतरी आमच्या मशीनमध्ये घुसायचा प्रयत्न करतंय. त्या वेळेची नोंद बघितली तर लॉगिन होता स्वेंटेक. जो स्वेंटेक हा लॅबचाच जुना माणूस, पण तो तर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. म्हणजे कोणीतरी त्याच्या नावाने आत बसलंय, आणि नुसतं बसलेलं नाही, सुपरयुजर होऊन बसलंय.

हे कसं जमलं ते बघण्यासारखं आहे, कारण असल्या चुका आपण आजही लिहितो. लॅबमध्ये जीएनयू ईमॅक्स हा एडिटर होता. त्यात 'मूव्हमेल' नावाचा छोटा प्रोग्रॅम, काम एवढंच की आलेली मेल उचलून युजरच्या डिरेक्टरीत नेऊन ठेवायची. त्यासाठी त्याला सिस्टिमचे पूर्ण अधिकार देऊन ठेवले होते. पण फाइल कुठे ठेवतोय, ती जागा कोणाची, हे तो विचारतच नव्हता. युनिक्समध्ये 'एटीरन' नावाचा एक प्रोग्रॅम होता, तो दर पाच मिनिटांनी सिस्टिम स्वतः चालवायची. आपल्या पाहुण्याने मूव्हमेलकरवी खऱ्या एटीरनच्या जागी स्वतःचा नकली एटीरन नेऊन ठेवला. पाच मिनिटं थांबायचं. सिस्टिम तो आपलाच समजून चालवणार आणि पाहुणा राजा होणार. मग खरा प्रोग्रॅम परत जागेवर ठेवायचा, बोभाटा नको. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळा बिचारा ते उबवतो, हे आपण शाळेत वाचलंय. स्टोलने १९८९ साली यावर पुस्तक लिहिलं त्याचं नाव यावरूनच, 'द ककूज एग'.

आता खरा प्रश्न. भोक सापडलंय, बुजवून टाकायचं का?

तुमच्या-माझ्या मॅनेजरने काय सांगितलं असतं हे वेगळं लिहायला नको. पॅच मारा, पासवर्ड बदला, तिकीट बंद करा. स्टोलने उलटं केलं. त्याने दार उघडं ठेवलं. त्याचा तर्क असा: दार लावलं तर हा दुसरीकडून येईल, आणि तो कोण, किती दिवस येतोय, काय शोधतोय यातलं काहीच आपल्याला कधी कळणार नाही. लॅबमध्येच लुई अल्वारेझ होते, भौतिकशास्त्रातले नोबेलवाले. त्यांनीही सल्ला दिला, की याच्याकडे संशोधन म्हणून बघ, पोलिस बनू नकोस.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी लोक घरी गेल्यावर या पठ्ठ्याने सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनलं उचलली आणि लॅबमध्ये बाहेरून येणाऱ्या सुमारे पन्नास फोन लाइनींना एकेक जोडून टाकली. रात्री तिथेच टेबलाखाली झोपला. (सोमवारी सकाळी आपला प्रिंटर गायब बघून लोक काय म्हणाले असतील याची कल्पना करा :-) ) त्या शनिवार-रविवारातच एका प्रिंटरमधून ८० फूट लांब कागद बाहेर पडला. पाहुण्याने दाबलेली एकूण एक की त्यावर होती. पाळत ठेवणारा प्रोग्रॅम त्याने कॉम्प्युटरवर मुद्दामच ठेवला नाही, कारण सुपरयुजरला सगळे प्रोग्रॅम दिसतात. तारेला बाहेरून चिकटवलेला प्रिंटर त्याला दिसणार नव्हता. पाहुण्याबद्दल ईमेलवर एक अक्षर लिहायचं नाही, हाही नियम. जो चोर आपली मेल वाचू शकतो त्याच्याबद्दल मेलवर काय बोलणार?

त्यानंतर स्टोलने जे केलं ते मला सगळ्यात आवडतं. त्याने वही घातली. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्याची नोंद ठेवतात तशी: आला कधी, गेला कधी, काय टाइप केलं. आणि या नोंदींमधून माणूस हळूहळू दिसायला लागला.

पहिला धागा एका अक्षराचा. आत आल्या आल्या पाहुणा बघायचा की आत्ता मशीनवर कोण काय करतंय, पीएस कमांड देऊन. पण कमांडच्या मागे तो ज्या खुणा लावायचा त्यात एक 'एफ' असायचा. बर्कलेच्या युनिक्समध्ये त्या एफला अर्थच नव्हता, एटी अँड टीच्या युनिक्समध्ये होता. लॅबचा युनिक्स गुरू डेव्ह क्लीव्हलंड ते बघून म्हणाला, हा माणूस बर्कलेचा नाही, पश्चिम किनाऱ्यावरचाच नाही. तोवर सगळ्यांचा समज होता की शेजारच्या युनिव्हर्सिटीतलं कोणीतरी कार्टं मस्ती करतंय. बोटांना लागलेली सवय माणूस कुठे शिकला ते सांगून गेली.

दुसरा धागा घड्याळाचा. पाहुणा यायचा कॅलिफोर्नियातल्या दुपारी. विद्यार्थी असता तर रात्री आला असता, रात्री फोन स्वस्त. मग इथे दुपार असताना रात्र कुठे असते? युरोपात. तिसरा धागा पासवर्डांचा. त्याने वापरलेले शब्द होते येगर, हंटर, बेन्सन, हेजेस. लॅबमधल्या एका बाईंना शब्दांच्या खेळांचा नाद होता, त्यांनी चुटकीसरशी सांगितलं. येगर म्हणजे जर्मनमध्ये शिकारी, म्हणजेच हंटर. आणि बेन्सन अँड हेजेस ही सिगरेट.

जर्मन येणारा, बहुधा सिगरेट ओढणारा, एटी अँड टीचं युनिक्स शिकलेला, संध्याकाळी मोकळा असणारा माणूस. हुडीपेक्षा बरंच जास्त कळलं की नाही?

पण त्याला हवं काय होतं? लॅबमध्ये गुपित असं काही नव्हतंच, सगळं खुलं संशोधन. त्याला हवी होती ती लॅबमधून पुढे जाणारी वाट. तिथून तो मिलनेट या अमेरिकी लष्कराच्या जाळ्यावर जायचा आणि एकेक मशीनची कडी वाजवून बघायचा. अलाबामातला ॲनिस्टन आर्मी डेपो, न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र तळ, अशी एकेक ठिकाणं. आत शिरला की फाइलींमध्ये शब्द शोधायचा: न्यूक्लियर, नोराड, एसडीआय. एसडीआय म्हणजे रेगन साहेबांचा 'स्टार वॉर्स' प्रकल्प. स्टोलच्या मोजणीनुसार त्याने सुमारे ४५० कॉम्प्युटरवर प्रयत्न केला आणि ३० हून जास्त ठिकाणी आत गेला.

आणि कसा गेला? इथे हुडीवाल्याचं चित्र पार फाटतं. मूव्हमेलची युक्ती सोडली तर त्याच्याकडे जादू काहीच नव्हती. 'गेस्ट' नावाचं खातं, पासवर्ड 'गेस्ट'. व्हीएमएस मशीनवर कंपनीने देतानाच घातलेलं 'फील्ड' हे खातं, पासवर्ड 'सर्व्हिस', आणि तो कोणी कधी बदललाच नाही. नाही उघडलं तर पुढचं मशीन. रोज, कंटाळा न करता. बुद्धीपेक्षा चिकाटीचं काम, एखाद्या विमा एजंटसारखं. स्टोल आधी समजत होता की समोर कोणी जीनियस आहे. कागद वाचता वाचता दिसलं की समोर एक चिवट, साधारण वकुबाचा माणूस आहे, आणि ३० ठिकाणी दार नुसतं लोटलेलं होतं.

बघत राहण्याची किंमत मात्र इथेच आहे. तो आत फिरत असताना स्टोल शांतपणे बघतोय, म्हणजे दुसऱ्याच्या घरी चोरी होताना खिडकीतून नोंदी करतोय. ते त्यालाही टोचत होतं. ज्यांच्या मशीनमध्ये पाहुणा गेला त्यांना तो फोन करून सांगायचा. पाहुणा कुठे फारच नाजूक जागी पोचला की खिशातल्या किल्ल्यांचा जुडगा काढून तारांच्या टोकांवर खुळखुळवायचा. पाहुण्याच्या स्क्रीनवर कचरा यायचा, त्याला वाटायचं लाइन खराब आहे. हा उपाय मला अजूनही कुठल्याही फायरवॉलपेक्षा जास्त आवडतो.

सरकारी खात्यांची तऱ्हा वेगळीच. एफबीआयने विचारलं, नुकसान किती झालं? पाऊण डॉलर. अर्धा मिलियन डॉलरचं नुकसान दाखवा किंवा गुप्त माहिती गेली असं दाखवा, मग बघू. सीआयए, एनएसए, हवाई दलाची तपास शाखा, सगळ्यांना ऐकायला आवडायचं, पण हे काम आमचं नाही असं प्रत्येकाचं म्हणणं. तेही माणसासारखंच आहे म्हणा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा 'किती गेले' या प्रश्नाला उत्तर होतं. पाऊण डॉलरसाठी कोण धावणार? प्रत्येक खात्याच्या डोक्यात शत्रूचा एक साचा होता आणि कागदावरचा माणूस त्यात बसत नव्हता.

(या फेऱ्यांमध्ये स्टोलला एनएसएच्या कॉम्प्युटर सिक्युरिटी सेंटरचे बॉब मॉरिस भेटले. दोन नोव्हेंबर १९८८ ला एका वर्मने इंटरनेटवरची हजारो मशीन आडवी केली. तो लिहिला होता त्यांच्याच मुलाने, रॉबर्ट टॅपन मॉरिसने. असो.)

टिम्नेट या नेटवर्क कंपनीच्या स्टीव्ह व्हाइटने माग काढला तो उपग्रहावरून थेट पश्चिम जर्मनीत. आधी ब्रेमेन युनिव्हर्सिटी, मग हॅनोव्हर शहरातला एक फोन. पण हॅनोव्हरचं एक्स्चेंज जुन्या पद्धतीचं, खटखट फिरणाऱ्या यांत्रिक स्विचांचं. कॉल कुठून आला हे बघायला माणसाने आत जाऊन तार हुडकायची, आणि त्याला वेळ लागणार. पाहुणा तर दहा-पंधरा मिनिटांत निघून जायचा. त्याला थांबवून कसा ठेवणार?

शत्रूला काय आवडतं हे कळलेलं होतंच. स्टोलची मैत्रीण मार्था हिने उपाय काढला: त्याला हवंय तेच द्या, भरपूर द्या, वाचायला तासभर लागेल इतकं द्या. ही कल्पना शॉवरखाली सुचली म्हणून तिचं नाव ऑपरेशन शॉवरहेड. लॅबच्या कॉम्प्युटरवर 'एसडीआयनेट' नावाचं न असलेलं जाळं तयार झालं, त्यासाठी बार्बरा शेरविन नावाची न असलेली सेक्रेटरी आली, आणि तिच्या नावाने सरकारी भाषेतली कंटाळवाणी पत्रं, परिपत्रकं, मेमो यांचा ढीग. सरकारी भाषा लिहायला कल्पनाशक्ती लागत नाही, जुन्या पत्रांतली नावं बदलली की झालं. जानेवारी १९८७ मध्ये पाहुणा त्या ढिगावर तासाहून जास्त वेळ बसला आणि तिकडे हॅनोव्हरमध्ये तार हुडकायला अखेर वेळ मिळाला.

त्या ढिगात एक ओळ होती, आणखी कागदपत्रं हवी असतील तर अमुक पत्त्यावर टपालाने मागवा. एप्रिलमध्ये खरंच पत्र आलं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधून! हॅनोव्हरमधल्या एका माणसाशिवाय ज्या फाइली कोणी बघितल्याच नव्हत्या, त्यांची नावं पिट्सबर्गमधल्या कोणाला तरी माहीत होती. म्हणजे हा एकटा हौशी माणूस नव्हता, माल पुढे कुठेतरी जात होता. आता सगळी खाती एकदम जागी झाली.

जून १९८७ मध्ये जर्मन पोलिसांनी हॅनोव्हरमध्ये मार्कस हेसच्या घराची झडती घेतली. पण पूर्ण चित्र १९८८ मध्ये, त्याच गटातले दोघं आपणहून सरकारकडे गेले तेव्हा उघड झालं. हॅनोव्हर आणि बर्लिनच्या काही तरुणांचा हा गट पूर्व बर्लिनमध्ये केजीबीला माहिती विकत होता. ८० फूट कागदावर हेसची एकेक सवय होती, पण केजीबी हा शब्द त्यात कुठेही नव्हता. माणूस काय करतो हे तारेवरून कळतं, का करतो ते कोणीतरी तोंड उघडावं लागतं.

मार्च १९८९ मध्ये अटका झाल्या. १९९० साली त्सेले इथल्या कोर्टात तिघांना शिक्षा झाल्या आणि त्या सगळ्या स्थगित. प्रत्यक्ष तुरुंगात जाणं नाही. आपणहून गेलेल्या दोघांपैकी कार्ल कॉख मात्र खटल्यापर्यंत राहिला नाही. १९८९ मध्येच त्सेलेजवळच्या जंगलात त्याचा जळालेला देह सापडला. वय २३. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं, शंका घेणारे आजही आहेत. हुडीच्या आत कधी कधी असा एक भरकटलेला पोरगा असतो.

स्टोलची पद्धत पुढे इतरांनी उचलली. एटी अँड टी बेल लॅब्जमधल्या बिल चेसविकने जानेवारी १९९१ मध्ये तर कमालच केली. आखाती युद्ध सुरू झालेलं, हा रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर, आणि मशीनने इशारा दिला की कोणीतरी दार वाजवतंय. याने त्याला आधीच खोटी पासवर्ड फाइल देऊन ठेवली होती. आता स्वतःच कॉम्प्युटर असल्याचं नाटक करत तो हाताने उत्तरं टाइप करत बसला, मशीन जुनं, रेंगाळणारं आहे असं दाखवत. पाहुणा हॉलंडमधला. त्याने एका क्षणी सगळ्या फाइली पुसून टाकायची कमांड दिली. त्यातून त्याच्या स्वभावाबद्दल जे कळलं ते कुठल्याही लॉगमधून कळलं नसतं. त्याच सुमारास हॉलंडमध्येच आइंडहोव्हनला व्हिट्झ व्हेनेमा अशाच फाइली पुसणाऱ्याच्या मागावर होता आणि त्यातूनच टीसीपी रॅपर जन्माला आलं. लिनक्सवर वर्षानुवर्षं आपण जे निमूटपणे कॉन्फिगर केलं ते मुळात एका माणसावर पाळत ठेवायला लिहिलेलं होतं.

पण यात एक मेख आहे. ही सगळी विद्या एका गृहीतावर उभी आहे: शत्रूला माहीत नाही की आपण त्याच्या सवयी वाचतोय. हेसला त्या एफबद्दल कधी विचारच करावासा वाटला नाही. आज सवयींवरून माणूस ओळखतात हे सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये मँडियंट कंपनीने असल्याच खुणांवरून शांघायमधलं चिनी लष्कराचं युनिट ६१३९८ जगासमोर ठेवलं, तो अहवाल जसा बचाव करणाऱ्यांनी वाचला तसा हल्ला करणाऱ्यांनीही वाचला असणारच.

मग ९ फेब्रुवारी २०१८. दक्षिण कोरियातल्या प्याँगचांगमध्ये हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन चाललेलं आणि आयोजकांचे कॉम्प्युटर कोसळले. वाय-फाय गेलं, वेबसाइट गेली, लोकांना तिकिटं छापता येईनात. या मालवेअरचं नाव पडलं ऑलिंपिक डिस्ट्रॉयर. विश्लेषकांनी तो उघडला तर आत ओळखीच्या खुणा: उत्तर कोरियाच्या लाझरस गटाच्या. काहींना चीन दिसला. कास्परस्कीच्या लोकांनी मात्र एक बारीक गोष्ट तपासली. कंपायलर प्रोग्रॅममध्ये स्वतःची एक छुपी नोंद सोडतो, कुठल्या हत्यारांनी हे बांधलं त्याची. ती नोंद लाझरसच्या मालवेअरशी हुबेहूब जुळत होती, पण प्रोग्रॅममधल्या कोडशी जुळत नव्हती. म्हणजे दुसऱ्याच्या बोटांचे ठसे आणून चिकटवले होते. स्टोलचा एफ हाताने पेरला होता म्हणा ना!

इथे पुन्हा तो पाऊण डॉलरवाला स्वभावच कामी आला. सगळं जुळतंय, एक बारीक गोष्ट जुळत नाही, आणि कोणीतरी ती 'राउंडिंग एरर' म्हणून सोडायला तयार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी हेरखात्याच्या, म्हणजे जीआरयूच्या, सहा अधिकाऱ्यांवर या आणि इतर हल्ल्यांसाठी आरोपपत्र जाहीर केलं. ज्या कोर्टात ते दाखल झालं ते पिट्सबर्गमधलं. एसडीआयनेटची कागदपत्रं मागणारं पत्र आलं होतं तेच पिट्सबर्ग. निव्वळ योगायोग आहे हो, पण स्टोलच्या वहीत त्याचीही नोंद नक्की झाली असती.